रामटेके आणि त्यांचा पाथरवट

रामटेकेंना मी एकूण तीन वेळा घराबाहेर काढलं, आणि तिन्ही वेळा तासाभरात दाराखालून त्यांचं लेखी उत्तर आलं. पहिल्या उत्तराची सुरुवात मला अजून पाठ आहे. 'आपल्या दोन घरांमधल्या दीर्घकालीन मैत्रीला स्मरून पुढील बाबी आपल्या नजरेस आणू इच्छितो.' मैत्री दीर्घकालीन म्हणजे सात आठवड्यांची होती. बाबी नऊ होत्या. भांडण कशावरून झालं होतं, तर मी त्यांना म्हटलं होतं की आता एकही तळटीप वाढवायची नाही.

आम्ही तेव्हा शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत राहत होतो. विटांची तीन मजली इमारत, तळमजल्यावर आम्ही, आणि आमच्या बरोबर खाली बेसमेंटच्या एका खोलीत मनोहर रामटेके. शरद, माझा नवरा, एका कंपनीत इंजिनिअर होता. मुलगी मीनल शाळेत जायची. मी घरी बसून विद्यापीठातल्या पोरापोरींचे प्रबंध टाइप करून द्यायची. इलेक्ट्रिक टाइपरायटर होता, हात चालता होता, इंग्रजी बरं होतं. केमिस्ट्रीवाल्यांचे प्रबंध मला आवडत, कारण ते लोक आकडे देऊन गप्प बसतात.

रामटेके गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. नागपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. तिथली रजा घेऊन, पस्तिशी गाठल्यावर, इथं पीएचडी करायला आले. बौद्ध ग्रंथ मुळातून वाचायचे म्हणून हा माणूस हट्टानं चिनी शिकला. वाचायला गेला सूत्रं आणि अडकला तुरुंगाच्या नोंदींत. उंच, किडकिडीत, एकच राखाडी स्वेटर, काखेत बुटांचं खोकं. खोक्यात बूट नसत, कार्डं असत. कुठलीही गोष्ट ऐकली की मान हलवून म्हणत, "नोंद घेतली." चहात साखर जास्त झाली, नोंद घेतली. शरदला प्रमोशन मिळालं, नोंद घेतली. मला मुलगा व्हावा असं कुणा काकूंनी म्हटलं, तिथंही यांनी नोंद घेतली, तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून गेले.

आणि रोज संध्याकाळी दारात उभं राहून तेच वाक्य. "वहिनी, एकच तळटीप." आजच्या मुलांना यातली यातना समजायची नाही. तेव्हा तळटीप पानाच्या तळाशीच बसवावी लागे. एक वाढली की वरचा मजकूर पुढच्या पानावर ढकला, त्याचा त्याच्या पुढच्या पानावर. यांच्या एका तळटीपेपायी मी एकदा चौदा पानं पुन्हा टाइप केली. दुसऱ्या दिवशी हे ती तळटीप काढून टाकायला आले. त्या दिवशी मी त्यांना दुसऱ्यांदा घराबाहेर काढलं.

त्यांचा विषय मला टाइप करून करूनच कळला. एकोणिसाव्या शतकात हाँगकाँग इंग्रजांकडे होतं, आणि समोरच्या किनाऱ्यावरचा एक तुकडाही त्यांनी घेतला होता. त्या तुकड्याची हद्द म्हणजे बांबूचं एक कुंपण. अलीकडे इंग्रजांचा कायदा, पलीकडे चिनी बादशहाचा. माणसं मात्र दोन्हीकडे तीच. लाम आ-सिंग नावाचा एक पाथरवट पलीकडे राहायचा आणि अलीकडे दगड फोडायचा. एके सकाळी चिनी शिपाई कुंपण ओलांडून आले आणि दरोड्याच्या आरोपाखाली त्याला छिन्नी-हातोड्यासकट उचलून घेऊन गेले. इंग्रज गव्हर्नरनं लिहिलं, ही आमची हद्द, तहात ठरलंय की गुन्हेगार हवा असेल तर तुम्ही मागायचा, आम्ही चौकशी करून द्यायचा. चिनी अधिकाऱ्यानं लिहिलं, माणूस आमचा, गुन्हा आमच्याकडचा, मागत बसलो असतो तर पळाला असता, आम्ही तुमचे कष्ट वाचवले. मग गव्हर्नर, मग अधिकारी, अशी सत्तावीस पत्रं. प्रत्येकाच्या शेवटी एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी.

शेवटी चिनी अधिकाऱ्यानं कळवलं की आज कैद्याला समोर बोलावलं, गुन्हा शाबीत होत नाही, त्याला सोडतो. यावर रामटेकेंचा सगळा प्रबंध उभा होता. त्या काळाबद्दल सगळे तोफांच्या गोष्टी सांगतात, पण कागदानंही माणसं सुटत होती, असं त्यांना दाखवायचं होतं.

"तोफेनं नाही, वहिनी, कागदानं सुटला तो!" टेबलावर बोट आपटून ते म्हणायचे. "माझ्या आज्याला सही येत नव्हती. बाप अर्ज लिहून लिहून पोस्टात लागला. मला इथं यायला बावीस अर्ज लागले. कागदावर माझा भरवसा आहे, जी."

हा भरवसा ते आमच्यावरही चालवत. मीनल घरात दोरीवरच्या उड्या मारायची आणि खाली यांच्या डोक्यावर धाडधाड व्हायचं. दुसरा कुणी वर येऊन ओरडला असता. यांनी नऊ वर्षांच्या पोरीबरोबर तीन कलमांचा करार केला, उड्यांची वेळ चार ते पाच, आणि तिनं क्रेयॉननं सही केली. शनिवारी सकाळी तिनं उड्या मारल्या तर यांचा निषेधाचा खलिता वर आला. तिनं खाली उत्तर पाठवलं, "डिअर अंकल, इट्स सॅटर्डे." ते त्यांनी फाइल केलं.

पण बर्फातल्या खुर्चीचं प्रकरण मात्र आमच्या अंगाशी आलं. शिकागोत जोराचा बर्फ पडला की ज्यानं रस्त्याकडेची जागा फावड्यानं साफ केली, तो गाडी काढताना तिथं जुनी खुर्ची ठेवतो. खुर्ची म्हणजे जागा त्याची. कायद्यात हे कुठं नाही, पण अख्खं शहर पाळतं. एका संध्याकाळी शरद कामावरून आला, जागा मिळेना. रामटेके फुटपाथवर उभे होते. समोरच्या पोलिश आजोबांची खुर्ची उचलून त्यांनी बाजूला ठेवली आणि शरदला हातानं खूण केली, या.

"अहो, ती खुर्ची आहे त्यांची," शरद म्हणाला.

"खुर्चीनं हद्द ठरत नाही. सार्वजनिक रस्ता आहे. मी बघतो."

सकाळी आमच्या गाडीवर कुणीतरी बादलीनं पाणी ओतलेलं होतं आणि त्याचा बर्फ होऊन दारं चिकटून बसली होती. शरदनं काहीतरी करण्याआधीच रामटेकेंनी आजोबांना पत्र लिहिलं. आजोबांनी वाकड्या इंग्रजीत उत्तर दिलं. यांनी त्यातले काही मुद्दे मान्य करून दुसरं पत्र लिहिलं. असं आठवडाभर चाललं. अखेर दोघांनी आजोबांच्या स्वयंपाकघरात बसून सहीचा करार केला, एकमेकांना मिठ्या मारल्या आणि नंतर दर रविवारी बुद्धिबळ खेळू लागले. तो आठवडाभर माझा नवरा उणे पंधरा डिग्रीत बसची वाट बघत उभा होता. त्याला त्यात सर्दी झाली, ती मार्चपर्यंत टिकली. रामटेकेंना मी हे सांगितलं तर म्हणाले, "पण तह टिकाऊ झाला, वहिनी."

अशा माणसाची बायको होणं म्हणजे काय, ते सुशीलाताईच जाणे. त्या नागपुरात होत्या, शाळेत शिकवत होत्या, पदरात विशाखा. रामटेके इकडे आले तेव्हा ती एक वर्षाची होती. व्हिसासाठी त्यांनी एकदा अर्ज केला, तो नाकारला गेला. नवऱ्याच्या पगाराच्या नोकरीचं पत्र असतं तर गोष्ट वेगळी होती. आणि ते पत्र पंच्याऐंशी सालच्या वसंतात आलं. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजानं नोकरी देऊ केली, सप्टेंबरपासून. अट एकच, ऑगस्टच्या मध्यापर्यंत प्रबंध सादर झालेला हवा. तो झाला की नोकरी, नोकरी झाली की व्हिसा, आणि हिवाळ्याच्या आत दोघी इथं. सुशीलाताईंनी शाळेला नोटीससुद्धा दिली. मी रामटेकेंना बजावलं की आता माझ्या दारात फक्त पूर्ण झालेली प्रकरणं घेऊन यायचं. त्यांनी नोंद घेतली.

जुलैच्या शेवटी फक्त शेवटचं प्रकरण उरलं होतं. त्याच सुमारास सांगलीहून माझ्या आईनं कुणाबरोबर तरी डबा पाठवला. जावयासाठी अनारसे. अर्ध्यांचा प्रवासात चुरा झाला होता. रामटेके "एकच तळटीप" घेऊन आले, तेव्हा मी त्यातला एक धड अनारसा त्यांच्यापुढे ठेवला.

"तेहतीस होते," मी म्हटलं. "शरदला दाखवायला तरी थोडे उरू देत."

"तेहतीसच काहून?"

"यंदा अधिक महिना ना. अधिक श्रावण. जावयाला तेहतीस द्यायचे."

"आमच्याकडे पंचांग नाही, जी. दीक्षा घेतली त्याच वर्षी आज्यानं चुलीत घातलं." ते हसले. "पण अनारसे चालतात. मग यंदा श्रावण दोन?"

"दोन. आधी अधिक, मग निज."

"आणि कुणी पत्रात नुसतं लिहिलं, श्रावणातली अष्टमी?"

"मग विचारायचं, कुठल्या श्रावणातली? त्याशिवाय कसं कळणार?"

त्यांनी उरलेला अनारसा ताटलीत ठेवला. मला वाटलं, खसखस दातात अडकली. पण ते उठले, चपला न घालता जिना उतरून गेले, आणि पुढचे तीन दिवस दिसलेच नाहीत. मी त्या शांततेत सोळा पानं टाइप केली. मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

चौथ्या दिवशी ते आले ते दाढी वाढलेले, हातात एक झेरॉक्स. आता इथं मला थोडं मागे जावं लागेल. तुरुंगाच्या नोंदवहीत एक नोंद होती, की त्याच गावचा, त्याच नावाचा एक कैदी पाचव्या महिन्याच्या आठ तारखेला तुरुंगात मेला. रामटेकेंनी ती वहीच्या इंग्रजी नकलेत पाहिली होती. पण सुटकेचं पत्र पाचव्या महिन्याच्या वीस तारखेचं होतं, आणि त्यात लिहिलं होतं की कैद्याला आज समोर बोलावलं. आठला मेलेला माणूस विसाला समोर कसा येईल? म्हणजे मेला तो दुसराच कुणी लाम आ-सिंग. असं त्यांनी तळटीपेत लिहिलं होतं. टाइप मीच केली होती ती.

"हे मूळ चिनी पान आहे," ते म्हणाले. "मायक्रोफिल्मवर होतं. मी इंग्रजीवर विसंबलो. हे बघा, पाचवाच्या आधी हे अक्षर. याचा अर्थ अधिक. त्या वर्षी पाचवे महिने दोन होते, वहिनी. आणि तिकडे अधिक महिना तुमच्या श्रावणासारखा आधी नाही, नंतर येतो. नकलाकारानं ते अक्षर गाळलं. त्याला काय कळणार? पण मला कळायला पाहिजे होतं! चीनमध्ये अधिक महिना असतो, हे मी नागपुरात पोरांना शिकवलंय!"

मी बोटांवर मोजलं. "म्हणजे आधी पत्र, मग..."

"आधी सोडतो म्हणून पत्र. मग अठरा दिवस. मग तो मेला. तोच मेला."

"अठरा दिवस सोडला का नाही मग?"

"पत्रं लिहीत होते." रामटेके खाली बसले. "त्याला कुंपणाच्या कुठल्या दरवाज्यातून आणायचा. घ्यायला कुठल्या हुद्द्याचा इंग्रज येणार. चिनी अधिकारी आधी पोचला तर त्यानं उभं राहायचं की बसायचं. तीन पत्रं."

ती तीन पत्रंही मी टाइप केली होती. प्रबंधात त्यांना रामटेकेंनी 'सौजन्याचा नमुना' म्हटलं होतं.

त्यांचे गाइड भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, तळटीप टाक आणि ओहायोला जा, पुस्तक करशील तेव्हा दुरुस्त कर. मलाही ते शंभर टक्के पटलं. ऑगस्टच्या मध्याला बारा दिवस होते. रामटेके मात्र माझ्या टेबलावरून पानं गोळा करायला लागले, पहिल्यापासून.

"काय करताय?"

"हे सगळं चुकीचं आहे. पुन्हा लिहावं लागेल."

मी पानांवर हात ठेवला. "रामटेके, तो माणूस मेला त्याला शंभरावर वर्षं झाली. तुम्ही लिहा, नका लिहू, तो मेलेलाच राहणार आहे. सुशीलाताई जिवंत आहेत. पोर जिवंत आहे. त्यांनी नोकरी सोडलीय तुमच्या भरवशावर!"

"तो सुटला असं मी माझ्या सहीनं देऊ?"

"तळटीप घाला ना! चार वर्षं माझं डोकं खाल्लंत तळटीपा घालून, आता एक घाला!"

"माणूस तळटीपेत मारू, वहिनी?"

मी त्यांना तिसऱ्यांदा घराबाहेर काढलं. इतकी ओरडले की मीनल खोलीतून बाहेर येऊन "मॉम, स्टॉप इट" म्हणाली. तासाभरानं दाराखालून कागद आला. मैत्रीला स्मरून वगैरे काही नव्हतं. 'आपलं म्हणणं बरोबर आहे. मला तसं करता येत नाही.' खाली सही आणि तारीख.

त्या रविवारी ते आमच्याकडून नागपूरला फोन करायला आले. मी भांडी घासत होते आणि ऐकत होते, खोटं कशाला बोलू. त्यांनी बायकोला पाथरवटाची सगळी हकीकत सांगितली, कुंपण, नोंदवही, अधिक महिना, सगळं. माझ्या फोनवरून, एका मिनिटाला किती पडतात ते ठाऊक असताना. मग रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"वहिनी," सुशीलाताई म्हणाल्या, "तो माणूस यांचा कोण लागतो?"

"कुणी नाही हो."

"मले तर माझ्याहून जवळचा दिसते." लाइन खरखरत होती. मला वाटलं त्या रडतायत, पण आवाज कोरडा होता. "त्यांना जेवायला घालत जा. असं काही झालं की ते जेवत नाहीत."

सप्टेंबरात ओहायोच्या कॉलेजानं दुसऱ्याला घेतलं. सुशीलाताईंच्या जागी शाळेनं आधीच कुणी नेमलं होतं, त्या दुसरीकडे, अर्ध्या वेळेच्या कामावर गेल्या. रामटेके विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम करत राहिले आणि लिहीत राहिले. दीड वर्ष लागलं. मी पुन्हा सगळं टाइप केलं, पहिल्या पानापासून, रोज स्वतःला शिव्या देत. नव्या प्रबंधात कागदानं माणूस सुटत नव्हता. दोन सभ्य अधिकारी एकमेकांच्या मानाची काळजी घेतात आणि तेवढ्यात एक माणूस तुरुंगात तापानं मरतो, ते त्यात दिवसांच्या हिशेबानं लिहिलं होतं. एकही शब्द चढ्या आवाजातला नव्हता. ते प्रकरण टाइप करताना मला दोनदा मशीन बंद करून उठावं लागलं. त्याचाही मला रागच आला.

पदवी मिळाली. नोकरी कुठंच मिळाली नाही. व्हिसाची मुदत संपत आली, नागपूरच्या कॉलेजानं परत घ्यायची तयारी दाखवली, आणि मार्चमध्ये आम्ही दोघं रामटेकेंना विमानतळावर सोडायला गेलो. सगळ्या वाटेवर मी त्यांच्याशी बोलले नाही. मनात हेच होतं, की या माणसानं एका मेलेल्या पाथरवटासाठी स्वतःच्या पोरीची सहा वर्षं घालवली, आणि याला तिची आठवण तरी होते का, कुणास ठाऊक. तिच्याबद्दल ते कधी चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

काउंटरवर बॅगेचं वजन जास्त भरलं. तिथल्या मुलीनं हसत सांगितलं, दोन पौंड कमी करा.

"काढा ती रद्दी," मी म्हटलं. दिवसभरातलं माझं पहिलं वाक्य.

रामटेकेंनी तिथंच फरशीवर बसून बॅग उघडली. झेरॉक्सचे गठ्ठे, प्रबंधाच्या दोन प्रती, स्वेटर. त्यांनी गठ्ठ्यांतून एक काढला, हातात तोलला, बाजूला ठेवला. मग दुसरा. मग सगळ्यात खालून प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी केलेलं काहीतरी काढलं. लहान मुलीचा लाल कोट होता. जाड, टोपीला पांढरी लव, बाहीला दुकानाचं लेबल तसंच लटकलेलं.

"हा कधी घेतलात?" मी विचारलं.

"आलो त्या पहिल्याच थंडीत. सेल होता. इथली थंडी बघून घाबरलो होतो, जी. मोठाच घेतला होता, चार वर्षांच्या मापाचा, म्हटलं येईपर्यंत तेवढी होईल." त्यांनी कोट उलटा करून बघितला, बाही स्वतःच्या हाताला लावून मापली. "आता ती सातची आहे."

शरद दुसरीकडे बघायला लागला.

"नागपुरात हा लागणारही नाही," रामटेके म्हणाले आणि कोट माझ्या हातात दिला. "कुणाला तरी द्या, वहिनी." मग गठ्ठे परत आत कोंबले, बॅग बंद केली आणि काट्यावर ठेवली. मुलगी म्हणाली, "परफेक्ट."

ते आत गेले. उंच होते, म्हणून गर्दीत बराच वेळ दिसत राहिले. मागे वळून त्यांनी एकदा हात वर केला, तो आम्हाला की कुणाला ते कळलं नाही.

पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत मी कोट मांडीवर धरून बसले होते. मला चांगलं बोलायचं होतं आणि सबंध दिवस मी बोलले नव्हते. शरदनं हळूच विचारलं, "काय झालं?" आणि मी त्याच्यावरच ओरडले.